आप्पा, ४७ लिटर

आप्पांसमोर 'डिकी' म्हणायचं नाही. डिकी स्कूटरला असते, मोटारीला असते. मोटरसायकलच्या मागे, कॅरिअरवर, बसते ती टॉप केस. आमच्या सोसायटीतल्या एका पोरानं एकदा जिन्यातून जाता जाता विचारलं, "आप्पा, घेतली का डिकी शेवटी?" आप्पा दुसऱ्या मजल्यावरून अनवाणी खाली आले आणि त्याला गेटापाशी उभं करून वीस मिनिटं फरक समजावून सांगितला. पोराची बस गेली. 'शेवटी' या शब्दाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

आप्पा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी सिंचन भवनातून नारळ आणि शाल घेऊन बाहेर पडले. मूळचे सांगलीचे. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, "कोयना किती झाली?" असं विचारतात. कोयना भरली की १०५ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. अशा हिशेबात हयात घालवलेला माणूस टॉप केस ४७ लिटरची घ्यावी की ५२ लिटरची, या प्रश्नावर चौदा महिने अडकून पडला होता. मी साक्षीदार आहे. साक्षीदार कसला, हमाल. हेल्मेटांची पिशवी माझ्याकडे असायची.

गाडी घेताना त्यांनी असला घोळ घातला नाही. फंडाचे पैसे जमा झाले त्याच आठवड्यात शोरूममध्ये जाऊन एका बैठकीत हिमालयन घेतली. ४११ सीसी. २०१६ साली ती बाजारात आली तेव्हापासून तिच्यावर डोळा होता. मी म्हटलं, "आप्पा, इंजिनाची काही चौकशी?" तर म्हणाले, "अरे, इंजिन कंपनीनं बसवूनच दिलेलं असतं. त्यात आपल्याला कुठं विचारतात?" त्यांचं दुखणं या वाक्यात होतं, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. जिथं आप्पांना कुणी विचारत नाही तिथं ते पाच मिनिटांत मोकळे होतात. विचारलं की संपलं.

आणि हा माणूस नवखा नव्हता बरं का. १९९१ साली लग्नाला दोन वर्षं झाली असताना तो बायकोला मागे बसवून येझदीवरून पुण्याहून कन्याकुमारीला जाऊन आलेला आहे. ती येझदी; किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा असलेली. सामान म्हणजे आप्पांच्या वसतिगृहातली निळी पत्र्याची ट्रंक. ती कॅरिअरवर आडवी टाकून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली होती. ट्रंक किती लिटरची, कॅरिअर किती किलोचं, हे प्रश्न त्या प्रवासात कुणाला पडले नाहीत. काकूंना एकच आठवण आहे. "हुबळीच्या पुढे एक पट्टी तुटली," त्या सांगतात, "तिथून मदुराईपर्यंत ट्रंक माझ्या मांडीवर. मीनाक्षीचं देऊळ मी मांड्या बधिर असताना पाहिलं." आप्पा यावर दरवेळी एकच दुरुस्ती करतात. "मदुराई नाही, दिंडीगल. दिंडीगलला ट्यूब मिळाली."

आता पैसे होते, वेळ होता, गाडी होती. फक्त सामान कशात ठेवायचं एवढं ठरलं की निघायचं होतं.

त्यासाठी आप्पांनी चौकटीची दोनशेपानी वही घातली. पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्या पानावर प्रश्न: पत्रा की प्लास्टिक की कापडी? कापडी बॅगा हलक्या, पडलं तरी पायावर आदळत नाहीत, म्हणून खडकाळ वाटेवरचे लोक त्याच वापरतात. पण त्यांना कुलूप नाही, आणि आप्पांच्या मते ज्याला कुलूप नाही ते सामान नव्हे, ते दान. प्लास्टिकची पेटी आपटली तर तडकते. ॲल्युमिनिअमची आपटली तर पोचा येतो, तो हातोडीनं ठोकून काढता येतो. हे काकूंना पटलं, कारण भांड्यांचं तसंच असतं. पण कोटिंग नसलेल्या ॲल्युमिनिअमच्या पेटीत आतले कपडे घासून काळे होतात, हेही काकूंनीच सांगितलं, पातेल्याच्या अनुभवावरून. आप्पांनी ते वहीत 'तज्ज्ञ मत' म्हणून लाल शाईनं नोंदवलं. काकूंना लाल शाईत स्थान मिळाल्याचा हा लग्नानंतरचा पहिला प्रसंग असावा.

मग कुलपाच्या जाती. मग बूड पकडणाऱ्या प्लेटच्या जाती. मोनोकी आणि मोनोलॉक हा फरक त्यांनी मला तीन वेळा समजावला. मोनोकीच्या पेट्या दणकट, मोठ्या वजनाच्या. मोनोलॉक लहान आणि हलक्या कामाची, स्कूटरवाल्यांना पुरणारी. एकाची प्लेट दुसऱ्याला चालत नाही, म्हणजे जावई बदलता येतो पण जात बदलता येत नाही, असं ते म्हणाले. मला उपमा कळली नाही, पण ते इतके खूश दिसत होते की मी मान हलवली. हे ज्याचं, त्या जुझेप्पे व्हिसेन्झीबद्दल तर आप्पांना नितांत आदर. हा मूळचा ग्रां प्रीत धावणारा इटालियन स्वार. १९७८ साली त्यानं कंपनी काढली आणि आपल्याच नावाची आद्याक्षरं जोडून तिचं नाव ठेवलं. "रेस जिंकायला निघालेला माणूस डब्यांकडे वळला," आप्पा सांगायचे, "म्हणजे शेवटी प्रश्न सामानाचाच असतो, हे त्याला कळलं." या नावाचा इटालियन उच्चार 'जिवी'. दुकानातली पोरं 'गिवी' म्हणतात. आप्पा प्रत्येक दुकानात आधी उच्चार दुरुस्त करायचे आणि मग भाव विचारायचे. त्यामुळे भाव कधीच कमी झाला नाही.

नाना पेठेत आम्ही सहा वेळा गेलो. तिथं मोटरसायकलच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत आणि त्यातल्या निम्म्या दुकानांत आप्पांना आता पाहताक्षणी पोरं मागच्या बाजूला चहा प्यायला जातात. पहिल्या खेपेला मात्र एकानं उत्साहानं विचारलं,

"काय पायजे काका?"

"टॉप केस."

"डिकी होय. कितीपर्यंतची दाखवू?"

"लिटर म्हणतोस का रुपये?"

पोरगं जरा गडबडलं. तेवढ्यात आप्पांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि काउंटरवर सामान मांडलं. दोन बंद हेल्मेट, काकूंचा थर्मास आणि पाच लिटरचा प्रेशर कुकर.

"काका, फिरायला जायचंय का स्वयंपाकाला?"

"कुकरच्या बुडाला लिटर छापलेले असतात," आप्पा शांतपणे म्हणाले. "तुझ्या पेटीवर लिहिलेत ते खरे कशावरून?"

टॉप केसच्या धंद्यात सत्तेचाळीसच्या आसपास एक लक्ष्मणरेषा आहे. त्या आकाराच्या पेटीत दोन बंद हेल्मेट मावतात. तिशीतल्या पेटीत एकच. म्हणजे जोडप्याला सत्तेचाळीसला पर्याय नाही. आता ज्या शहरानं हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले, त्या शहरात डोक्यावर घालायचं नाही ते ठेवायला एवढी मोठी पेटी कशाला, असं मी विचारलं. आप्पा म्हणाले, "घालायचं नाही म्हणूनच ठेवायला लागते." हे मात्र मला लगेच पटलं. हेल्मेट मावली, थर्मास मावला, कुकर तिरका घातला तरी झाकण बंद होईना. आप्पांनी वहीत लिहिलं: 'कुकर: नाही.' बाहेर पडल्यावर म्हणाले, "तशी कुकर न्यायची गरज नाहीये. पण नाही ते नाही."

या काळात त्यांना रस्त्यावर फक्त पेट्या दिसत. जेवण पोचवणारा पोरगा गेटावर आला की ते त्याच्या पेटीचे पट्टे तपासत. पोलिसांच्या मोटरसायकलींच्या पांढऱ्या पेट्यांकडे ते सिग्नलला इतकं टक लावून बघत की एकदा हवालदारानं त्यांनाच बाजूला घेतलं आणि लायसन मागितलं. आणि सगळ्यांत लांब चौकशी झाली ती दूधवाल्याची.

आमचे दूधवाले मामा मुळशीकडून येतात. जुनी स्प्लेंडर. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, मागे वीसचा. कॅन अडकवायला वाकवलेल्या सळयांचा सांगाडा, गावातल्या वेल्डरनं घराच्या स्लॅबातून उरलेल्या सळ्यांचा करून दिलेला. आप्पा सकाळी सहाला व्हर्निअर कॅलिपर घेऊन खाली उतरले. सळई बारा एमएमची निघाली.

"शंभर लिटर दूध," आप्पा बोटांवर मोजू लागले. "दुधाची घनता १.०३. एकशे तीन किलो. वर कॅनांचं वजन. मामा, या कॅरिअरची मर्यादा किती?"

"मर्यादा म्हशीनं ठरवायची, काका," मामा म्हणाले. "ती देईल तेवढं न्यायचं."

आप्पा दोन दिवस अस्वस्थ होते. म्हशीचं उत्तर वहीच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

दूधवाल्याच्या सळया पाहून एकदा त्यांना वाटलं, कॅरिअर तरी आपण करून घेऊ. नऱ्ह्याला एक फॅब्रिकेशनवाले मिस्त्री आहेत. आप्पांनी त्यांच्यासाठी नकाशा काढला. काय नकाशा! समोरून, बाजूनं, वरून. एकास पाच प्रमाणात. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, तिच्यात 'आवृत्ती ३', 'काढणार', 'तपासणार', 'मंजूर करणार', आणि तिन्ही ठिकाणी एकाच माणसाची सही. मिस्त्रींनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, "पाऊण इंची पाईप चालंल ना?"

दोन दिवसांत कॅरिअर तयार. सीओटू वेल्डिंग, पावडर कोटिंग, बोल्टांना नायलॉक नट. देखणं काम होतं. आप्पा वाकून वेल्ड तपासत होते तोवर मिस्त्री आले, गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि स्वतः कॅरिअरवर चढून बसले.

"पंच्याऐंशी किलो," ते म्हणाले. "बोला."

"हे स्थिर वजन झालं," आप्पा म्हणाले. "खड्ड्यात आदळलं की तेच वजन कितीतरी पटीनं लागतं."

"मग चला खड्ड्यात."

मी जन्मात विसरणार नाही. पुढे आप्पा, मध्ये रिकामी सीट, आणि मागे कॅरिअरवर हात बांधून ताठ बसलेले मिस्त्री; असे ते दोघे सर्व्हिस रोडवरचे खड्डे निवडून निवडून घेत नवले पुलापर्यंत गेले आणि परत आले. कॅरिअरचा सूतभर बांक नाही. रंगाचा टवका नाही. मिस्त्री उतरले, पाठ चोळली आणि पैशांसाठी हात पुढे केला. आप्पा म्हणाले,

"आता लिहून द्या."

"काय लिहून?"

"किती किलोला मंजूर ते."

"आवो, मी बसलो न्हवं?"

"तुम्ही बसलात हे मी पाहिलं. पण उद्या तुम्ही बसला होता याला आधार काय?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी नवले पुलाकडे पाहिलं. आप्पांनी पूर्ण पैसे मोजले, आभार मानले, आणि कॅरिअर तिथंच ठेवलं. ते अजून त्या शेडच्या भिंतीला ठोकलेलं आहे. मिस्त्री त्यावर जेवणाचा डबा, रेडिओ आणि पाण्याचा कळशीएवढा जार ठेवतात.

इथं आप्पांना हसणं सोपं आहे, पण ते चुकीचं बोलत नव्हते, हीच खरी पंचाईत. सीटवर ठेवलेलं ओझं दोन चाकांच्या मध्ये असतं. टॉप केस मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकते, वर आणि लांब. शाळेतल्या तरफेसारखं. मागे वजन वाढलं की पुढचं चाक हलकं होतं, हँडल भरकटल्यासारखं वाटतं, आणि वेगात शेपूट डुलायला लागते. चांगल्या पेट्यांच्या पुस्तिकेत १२०च्या वर जाऊ नका म्हणून लिहिलेलं असतं ते उगीच नाही. आणि कॅरिअर एका दिवसात मोडत नाही. पाच-सहा हजार किलोमीटर थरथरतं, वेल्डाच्या कडेला केसाएवढी चीर पडते, आणि मग एके दिवशी तुमचा संसार तुमच्या मागच्या ट्रकच्या पुढ्यात जातो. मिस्त्री नवले पुलापर्यंत बसले, लेहपर्यंत बसणार नव्हते. हे सगळं बरोबर. फक्त, खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला काळजी दूर करायचा एकच मार्ग ठाऊक असतो, तो म्हणजे कागद.

कागदवालं कॅरिअर मिळालं. खोक्यात पुस्तिका, बोल्टांची पुडी, कुठला बोल्ट किती जोरानं आवळायचा त्याचा तक्ता, आणि कॅरिअरच्याच अंगावर चिकटवलेला छापील स्टिकर: कमाल भार ६ किलो. आप्पांनी स्टिकरवरून बोट फिरवलं. मिस्त्रींच्या पंच्याऐंशी किलोंनी जे समाधान दिलं नव्हतं ते या सहा किलोंनी दिलं.

पेटीचा निर्णय अखेर काकूंनी घेतला, आणि तो अर्ध्या मिनिटात. सातव्या खेपेला त्या स्वतः नाना पेठेत आल्या. त्यांनी लिटर विचारले नाहीत, कुलूप पाहिलं नाही. दुकानातल्या पोराला म्हणाल्या, "यातल्या कुठल्या पेटीला पाठ टेकता येते?" त्यानं पुढच्या बाजूला काळी गादी लावलेली एक पेटी दाखवली. काकूंनी तळहातानं गादी दाबली. "ही." आप्पा वही उघडत होते, तेवढ्यात पोरानं बिल फाडलं होतं. ४७ लिटरची होती, हा योगायोग.

घरी आल्यावर मात्र आप्पांनी आपला मान राखला. ४७ लिटर म्हणजे नक्की ४७ का, हे मोजल्याशिवाय पेटी गाडीवर चढणार नाही असं जाहीर झालं. पाणी ओतून मोजता येईना. पाणी आत येऊ नये म्हणून कडेला लावलेलं रबर आतलं पाणी बाहेर सोडणार नाही अशी हमी पुस्तिकेत नव्हती. वाळूनं चरे पडले असते. ज्वारी काकूंनी दिली नाही. मग आप्पा भट्टीवरून चुरमुरे घेऊन आले. मोठी गोणी. सांगलीच्या माणसाला चुरमुऱ्यांबद्दल घरचा विश्वास असतो.

रविवारची दुपार. जमिनीवर चादर, चादरीवर उघडी पेटी, हातात रॉकेलच्या जमान्यातलं लिटरचं माप. आप्पा माप भरत, वरून पट्टी फिरवून सपाट करत, पेटीत ओतत, आणि मी वहीत उभी रेघ मारत असे. पाच झाल्या की आडवी. धान्याच्या खळ्यावर पायलीनं मोजताना 'लाभ' म्हणून सुरुवात करतात, तशी आप्पांनीही केली. झाकण मिटेपर्यंत साडेपंचेचाळीस मापं गेली. "दीड लिटर कमी," आप्पा म्हणाले, पण आवाजात राग नव्हता, उलट कुणीतरी सापडल्याचा आनंद होता. मग, आता मोजलंच आहे तर वजनही करू, म्हणून त्यांनी चुरमुरे परत गोणीत भरले आणि गोणी ताणकाट्याला टांगली.

दोन किलो आठशे.

आप्पा काट्याकडे बघत राहिले. मग कॅरिअरच्या स्टिकरकडे. मग त्यांनी रिकामी पेटी काट्याला टांगली. चार किलो पाचशे.

"सहातून साडेचार गेले," ते स्वतःशीच म्हणाले.

वहीत दोन्ही आकडे होते, आप्पांच्याच सुबक अक्षरात. कॅरिअरची मर्यादा पान ४१वर, पेटीचं स्वतःचं वजन पान १३२वर. नव्वद पानांत ते दोघे एकमेकांना कधी भेटले नव्हते. "डेड लोड," आप्पा पुटपुटले. "मी डेड लोड धरलाच नाही." कोयनेसारखं धरण पाण्याला अडवतं ते स्वतःच्याच वजनाच्या जोरावर. ते वजन उभ्या जन्मात एकदाही न विसरलेला माणूस टॉप केसचं वजन विसरला होता. राहिला दीड किलो. सत्तेचाळीस लिटरच्या पेटीत दीड किलो! एवढ्या जागेत एवढ्या वजनाचं मावेल असं जगात काय आहे, याचा मी विचार करत होतो. कापूस? पण चुरमुरेसुद्धा जास्त होत होते. पेटी काठोकाठ चुरमुऱ्यांनी भरली तर कॅरिअरवर एक किलो तीनशे ग्रॅमचा अतिरिक्त भार पडत होता. कायदेशीर चुरमुरे फक्त चोवीस लिटर.

आतून काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी चादर पाहिली, गोणी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"काय झालं?"

"चुरमुरे मावत नाहीत," मी म्हणालो.

"मग अर्धी भरा."

आणि खरोखरच, चौदा महिन्यांनंतर, आप्पा-काकू निघाले. सांगलीला, आप्पांच्या भावाकडे. पहाटे साडेपाचला सोसायटीच्या गेटावर निरोपाला मी एकटाच होतो. आप्पांच्या अंगात खांद्या-कोपरांना चकत्या असलेलं जाकीट, काकूंच्या अंगात मुलाचं जुनं स्वेटर. पेटी झळकत होती. पेटीत दीड किलो चुरमुरे होते. कारण एकदा मोजून मंजूर झालेला तेवढाच एक माल होता. सांगलीला चुरमुरे! जिथली वहिनी भडंगाचा घाणा एका वेळी दोन डबे काढते तिथं पुण्याहून चुरमुरे घेऊन निघालेला हा पहिला माणूस असेल. बाकीचं सामान, म्हणजे दोघांचे तीन दिवसांचे कपडे, औषधं, साडी आणि आप्पांचा टॉर्च, काकूंच्या पाठीवरच्या सॅकमध्ये.

"आप्पा, सॅक?" मी विचारलं.

"सॅक कॅरिअरवर नाही," ते म्हणाले. "सवारीवर आहे. सवारीची मर्यादा वेगळी."

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी मागे सरून गादीला पाठ टेकायचा प्रयत्न केला, पण मध्ये सॅक होती.

पुढचं मला काकूंकडून कळलं. खंबाटकीच्या घाटात दुधाचे कॅन लावलेल्या एका गाडीनं त्यांना मागे टाकलं तेव्हा आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. कराडला चहाला थांबल्यावर पेटी उघडून चुरमुरे मोजले नाहीत, फक्त हात घालून पाहिले. कडक होते. रबर उत्तम. सांगलीत वहिनींनी चुरमुऱ्यांची पिशवी हातात घेतली, दिराकडे पाहिलं, आणि आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात "बसा हं" म्हणून आत गेल्या.

खरा पेच परतीचा होता. सांगलीच्या घरातून रिकाम्या हातानं निघता येत नाही. वहिनींनी भडंग बांधलं, आप्पांच्याच चुरमुऱ्यांचं, पण आता त्यात तेल, शेंगदाणे, लसूण, वजन दुप्पट. वर दोन किलो बेदाणे. वर किलोभर हळद, "तुमच्या पुण्यात भेसळीची मिळते." आप्पांनी सॅकमधून ताणकाटा काढला. वहिनी बघत राहिल्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "माहेरवाशिणीची ओटीसुद्धा आमच्याकडं कुणी तोलून घेत नाही." आप्पांनी काटा परत आत ठेवला. धरणाच्या दारात उभं राहिलेल्या माणसालाही कधीतरी विसर्ग वाढवावाच लागतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गेटात शिरली तेव्हा मी खालीच होतो. पुढे आप्पा, धुळीनं पांढरे. मागे काकू. काकूंच्या पाठीवर सॅक, मांडीवर बेदाण्यांची आणि हळदीची गोणपाटाची थैली, आणि थैली कमरेशी आवळलेली, सायकलच्या ट्यूबच्या काळ्या पट्टीनं. पट्टी भावाच्या घरच्या अडगळीतून मिळाली होती.

मी थैली उतरवून घेतली. काकू गेटाच्या दगडावर बसल्या आणि पाय चोळू लागल्या.

"मग पेटीत काय आणलंत?" मी विचारलं.

आप्पांनी किल्ली काढली, कुलूप फिरवलं आणि झाकण हळुवार वर केलं. आत, सत्तेचाळीस लिटरच्या मधोमध, ताणकाटा होता. टॉवेलात गुंडाळलेला.

"चारशे ग्रॅम," आप्पा म्हणाले. "टॉवेलासकट सहाशे."

काकूंनी वर न पाहता विचारलं, "त्या नऱ्ह्याच्या मिस्त्रीचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"